कडीचे रुपये

वहिनी, तुमचा टाक करायचा होता आणि त्याला चांदी लागणार होती. आता कुठली चांदी वापरायची, ते तुम्हीच सांगायला हवं होतं.

घरातलं कर्तं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याचा टाक उठवून देव्हाऱ्यात बसवायचा, ही आपल्या घरची रीत. ती मी तुम्हाला काय सांगणार? दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते सगळे टाक चिंचेनं घासून लख्ख करायचं काम तुमचंच होतं. "ह्यो थोरला सासरा, ह्याला हळू घास, आदीच नाक झिजलंय त्याचं," असं लेकीला, ताराला शिकवताना मी तुम्हाला ऐकलंय. रीतीचा दुसरा भागही तुम्हाला ठाऊक आहे. टाक विकतच्या चांदीचा करायचा नाही, ज्याचा त्याच्याच चांदीचा करायचा. तुमची जोडवी तुमच्याबरोबर गेली. तोडे दुसरी विहीर पाडली तेव्हाच गेले. राहता राहिली रुपयांची माळ, आणि माळेतला रुपया मुशीत घालायचा नाही हा तुमचा हुकूम तर अख्ख्या भावकीला पाठ आहे. "राणीचा असंना का राजाचा, मुखडा हाय त्यो. मुखडा इस्तवात घालत्यात व्हय?" म्हणजे तुमच्या टाकाला तुमचीच आडकाठी. जातानासुद्धा आम्हाला पेचात टाकून गेलात.

तुम्ही गेल्यावर दादा दोन दिवस ओसरीवरच बसून होता. तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही नदीवरून आलो आणि त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे जोंधळ्याच्या कणगीत हात घालून तुमचं गाठोडं काढलं. त्या गाठोड्यात काय निघालं ते पुढं सांगतो. आधी मला ही माळ कशी झाली ते तुमच्यासमोर एकदा बोलून घ्यायचं आहे, कारण तेवढं बोललो तरच पुढचं माझ्या तोंडून नीट निघेल.

तुम्ही वडूजकडच्या. आमच्या आष्ट्याजवळच्या काळ्या रानात तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा मी मराठी शाळेत जात होतो आणि आई नुकतीच गेली होती. विहिरीला पाणी बघून तुम्ही हरखला नाहीत, उलट म्हणालात, "पानी काय, आज हाय, उद्या न्हाई." तुमच्या माहेरी मेंढरं होती. पावसानं दगा दिला की मेंढरं विकायची आणि थोडंफार चांदीत घालून ठेवायचं, ही तिकडची पद्धत. तुमच्या आईनं असे रुपये साठवले आणि तुमचे वडील ते एकेक करून बाजाराला घेऊन गेले. दारूला नव्हे, जुगाराला नव्हे. कधी बियाणं, कधी पाहुणा, कधी कुणाची नड. वाईट काहीच नव्हतं, तरी मडकं रिकामं झालं. त्यातून तुम्ही जो धडा घेतला तो तुम्हीच मला सांगितलात: "भावजी, बंद्या रुपयाला पाय असत्यात. डोक्यावर कडी बसवली की मग त्यो बसतो."

हळद शिजवायची, वाळवायची, घोळायची, हे सगळं तुम्ही करायचात. दादा गाडी भरून सांगलीच्या पेठेत न्यायचा तेव्हा तुम्हीही गाडीत बसायचात. गावातल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. दादाला म्हणायचात, "हळद मी शिजीवली, माझं माप आदी टाका." मग कापड नाही, बांगड्या नाहीत, थेट सराफाची पायरी. तिथं बसून एकेक जुना रुपया दगडावर टाकायचा आणि मान कलती करून ऐकायचं. मी एकदा तुमच्याबरोबर होतो. सराफ कंटाळून म्हणाला, "बाई, रुपया घेताय की जावई बघताय?" तुम्ही त्याच्याकडं न बघता म्हणालात, "जावई खोटा निघाला तर परत घेता येत न्हाई. ह्यो तुमी घ्याल." पेठेतली माणसं हसली. मला तेव्हा लाज वाटली होती आणि आज अभिमान वाटतो. तसा तुमचा कानही काही देवाचा कान नव्हता बरं का. एक रुपया घंटेसारखा वाजला म्हणून घेतलात आणि आष्ट्याच्या नाना सोनारानं कडी बसवायला फुंकणी लावली तसा तो तिथंच वितळला, कथील निघालं. तुम्ही नानांशीच भांडलात की तुमच्या जाळानं रुपया बाटला.

कडी बसवलेला रुपया दुकानदार घेत नाही. तेच तर तुम्हाला हवं होतं. भोक पाडू द्यायचं नाही, कारण भोकात चांदी जाते. कडी मात्र दर रुपयाला. दादा चिडायचा. "चांगल्या चालत्या पैशाला लंगडा करती ही बया," म्हणायचा. तुम्ही भाकरी थापत राहायचात.

मी फौजेत निघालो त्या सकाळचं आठवतं का? सगळ्यांनी मला काही ना काही बांधून दिलं. लाडू, अंगारा, ताईत. तुम्ही माळेतला एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवलात. मी म्हटलं, वहिनी, कडीचा रुपया मला कुठं चालायचा? तुम्ही म्हणालात, "चालत न्हाई म्हणूनच दिलाय. मोडता यायचा न्हाई, म्हंजे परत आणावाच लागंल." मी हसलो. मग गाडीत बसल्यावर हसू आलं नाही. तो रुपया वाळवंटात माझ्या खिशात होता, बोटीत होता, दवाखान्याच्या खाटेवर उशाखाली होता. परत आलो तेव्हा दारातच तुम्ही विचारलंत, "रुपाया?" मी काढून दाखवला. तुम्ही तो घेतला नाहीत. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. आनी कुठं जायचं पडलं तर." तुमच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तुम्ही ते चुलीच्या धुरावर ढकललंत. चूल तेव्हा विझलेली होती, हे मी बघितलं होतं.

लढाईच्या दिवसांत रुपया पातळ झाला, नव्या रुपयात निम्मीच चांदी राहिली. तुम्ही पहिला नवा रुपया जात्यावर टाकलात आणि म्हणालात, "ह्यो घोगरा हाय, ह्येला सर्दी झालीया." मग हुकूम आला की राणीछाप रुपये आता चालणार नाहीत, मुदतीत सरकारात भरा आणि बदल्यात नोटा घ्या. गाव हबकलं. ज्याच्या त्याच्या मडक्यातनं राणी बाहेर आली. दादानंही तुमची माळ उचलली आणि तुम्हाला घेऊन कचेरी गाठली. मी रजेवर आलो होतो, मीही गेलो. कारकुनानं माळ बोटावर उचलली आणि म्हणाला, "हे दागिने झाले. कडीचे रुपये घेत नाही." दादाचा चेहरा पडला. तुम्ही माळ पदरात गुंडाळली आणि परतीच्या वाटेवर तुम्हाला गुणगुणताना मी ऐकलं. माळ वाचली याचा आनंद होता तो. पुढं चांदीचा भाव चढत गेला, रुपयाच्या चांदीलाच रुपयापेक्षा जास्त येऊ लागले, आणि ज्यांनी नोटा घेतल्या होत्या ते कपाळाला हात लावून बसले.

इथंच आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मी सोडणार नाही, तुम्ही गेलात म्हणूनसुद्धा नाही. मी म्हणायचो, भाव चढलाय, विका. तुम्ही म्हणायचात, न्हाई. भाव उतरला की म्हणायचात, बरं झालं न्हाई इकली, आनी घेऊ. मी म्हणायचो, वहिनी, चढला तरी विकायची नाही आणि उतरला तरी विकायची नाही, तर ती साठवायची कशाला? मग दगडच साठवा, तेही जड असतात. माझे पैसे मी पोस्टात ठेवलेत, त्यांना व्याज येतं. तुम्ही म्हणायचात, "याज येतं, पर तुमाला कवा जायचं त्ये पोस्ट ठरीवतं. माझं माझ्या कणगीत हाय." याला मी उत्तर दिलं होतं, पण तुम्ही तोवर उठून गेला होता. उत्तर असं होतं की कणगीतलं धन ज्याच्या कामाला येत नाही ते त्याचं नसतं. मी आजही यावर ठाम आहे.

आणि मग ताराचा विषय निघाला. तुमची एकुलती एक लेक सातवी पास झाली. शाळामास्तर स्वतः घरी येऊन म्हणाले की हिला साताऱ्याला पाठवा, शिकून मास्तरीण होईल. दादानं ऐकून घेतलं आणि पान लावलं. त्याच्या मनात स्थळं फिरत होती. मी त्या दिवशी चुलीपुढं येऊन बसलो आणि तुम्हाला म्हटलं, आता तरी माळ मोडा. दादा पिकाचा पैसा द्यायचा नाही, माझ्या पोस्टातलं सगळं घातलं तरी पुरं पडत नाही. माळ मोडली तर पोरीचं पुरं शिक्षण होतं. ताटात भाकरी टाकून तुम्ही म्हणालात, "माळ पोरीच्या गळ्यात जाईल. साळंत न्हाई. माळ मोडायची न्हाई, इषय संपला." मी म्हटलं, गळ्यात घालून ती काय करेल, कणगीत बसेल? तुम्ही चटणी वाढलीत. त्या दिवशी चटणी इतकी तिखट होती की मी तांब्याभर पाणी प्यालो. माझी खात्री आहे, ती मुद्दाम होती. तारा दाराआड उभी होती, तिनं सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं पुस्तक फडताळात वर ठेवून दिलं.

त्यानंतर हा विषय आपण काढलाच नाही. दसऱ्याला तुम्ही माळ घातली नाहीत. मी चिडवलं, "काय वहिनी, राणी रुसली?" तुम्ही म्हणालात, "गळ्याला टोचती अलीकडं." मी म्हटलं, वय झालं. तुम्ही हातातला आपटा माझ्या डोक्यावर मारलात.

मग थंडीत ताप आला. त्या दिवसांबद्दल मी बोलणार नाही, ते तुम्हालाही आवडायचं नाही. एकच सांगतो. मी उशाशी बसलो होतो आणि तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "भावजी, सुगी कवा हाय?" मी म्हटलं, आहे अजून अवकाश. तुम्ही म्हणालात, "तवर ऱ्हायला पायजे." मला वाटलं, तापात बरळताय. मी पाण्याची पट्टी बदलली आणि गप्प राहा म्हटलं.

तर आता गाठोडं. दादानं ते ओसरीवर सोडलं आणि आम्ही सगळे बघतच राहिलो. माळ नव्हतीच. रेशमी दोरा वेगळा गुंडाळून ठेवलेला, आणि रुपये सुटे. एकाच्याही डोक्यावर कडी नाही. कडीच्या जागी कानशीनं घासल्याची पांढरी रेघ होती. रुपये सगळे होते, नव्हत्या त्या फक्त कड्या.

दादा माझ्याकडं वळला. "तुजंच काम ह्ये. तिच्या पाठीमागं तूच लागला हुतास, मोड मोड म्हणून. ती तापात पडली आनी तू हात मारलास." वहिनी, दादा मला असं कधी बोलला नव्हता. मी त्याला सांगितलं की मी हात लावलेला नाही. त्याला ते पटलं नाही. भावकीतली माणसं खाली बघत बसली. तारा आत जाऊन बसली. मला राग आला नाही म्हटलं तर खोटं होईल, लय आला. पण मी म्हटलं, चल दादा, कड्या ज्यानं बसवल्या त्यालाच विचारू. टाकाचं सांगायला तरी नानांकडं जायचंच आहे.

आम्ही दोघं आष्ट्याला गेलो. नाना सोनारानं आम्हाला बघून दुकानातली शेगडी बाजूला सारली, हात जोडले. दादानं रुपये पुढं ओतले आणि विचारलं, "ह्ये कुनी केलं, नाना?"

"म्या केलं," नाना म्हणाले. "त्या आल्या हुत्या. पितृपंधरवड्यात."

दादाला खरं वाटेना. त्या पंधरवड्यात सोनाराच्या दारात कोण जातं? नवं घेत नाहीत, जुनं मोडत नाहीत, दुकानावर काळं कुत्रं फिरकत नाही. नाना म्हणाले, "म्हणूनच आल्या. कुनी बगायला नगं म्हणून. मी म्हनलं, वैनी, ह्ये दिस चांगलं न्हाईत. तर म्हनल्या, पोरीच्या कामाला दिस कसला बगायचा. कडीचा रुपया सराफ डागी म्हणून घेतो, भाव पाडतो. कड्या काढून, जोडाचं डाग घासून सोच्छ करा. सुगीत सांगलीला जाऊन इकीन म्हनल्या. मिरगाच्या आत पोरगी साताऱ्याला घालवायची हाय."

दादा दुकानाच्या फळीवर बसला.

नाना पुढं म्हणाले, "म्या इचारलं, आवं, येवढ्या हौसेनं बसवलेल्या कड्या. तर म्हनल्या, कड्या बापय मानसांनी मोडू नये म्हणून बसीवल्या. आता मीच मोडतीया, तर कडी कशाला?"

मी विचारलं, मग घरात का नाही बोलल्या? नाना जरा हसले. "धन्याला सुगी झाल्यावर सांगते म्हनल्या. तवा हळदीचं पैसं आल्यालं असत्यात, मानूस गोड असतं. आनी भावजींना तर येवढ्यात कळूच देऊ नगा. लय फुगत्याल."

मग नानांनी कपाटातून कागदाची पुडी काढली. कड्या. तुम्ही त्या सोडून गेला होता, पोराबाळांचं काही करायला येतील म्हणून. दादानं पुडी तळहातावर घेतली, नुसती धरून बसला. मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही. त्यानं विचारलं, "नाना, येवढ्यात टाक हुईल का?"

"कड्यांवरचा जोडाचा डाग गाळून काढावा लागंल. ल्हान हुईल, पर हुईल."

"मग ह्येचाच करा. रुपायाला हात लावायचा न्हाई," दादा म्हणाला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "त्ये सुगीत सांगलीला न्यायचं हाईत."

वहिनी, तुमच्या पेचातून तुम्हीच वाट काढून ठेवली होती. एकही मुखडा जाळात गेला नाही. टाक काल आला. लहान आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातली बाई तुमच्यासारखी मुळीच दिसत नाही. सगळ्या टाकांतल्या बायका दिसतात तशीच दिसते, गरीब आणि गप्प. तुम्ही बघितला असता तर नानांशी पुन्हा भांडला असता. दादानं तो थोरल्या सासऱ्याच्या शेजारी बसवला. दिवा लावून झाल्यावर तारा फडताळापाशी गेली आणि तिनं पुस्तक खाली काढलं. दादानं ते बघितलं. त्यानं मला पान दिलं. माफी मागणं त्याला जमत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

आता माझं ऐका. सुगी झाली की आम्ही तिघं गाडी जोडून सांगलीला जाणार आहोत. पायरीवर तारा बसेल, आणि सराफ रुपया उचलेल तेव्हा तो दगडावर वाजवून तीच त्याला ऐकवेल, मी तिला आत्तापासून शिकवतोय. भाव पडलेला असला तरी थांबायचं नाही. तेवढ्यात पुरलं नाही तर माझं पोस्ट आहे. भावकीतला कुणी म्हणाला की पोरीच्या लग्नाची चांदी शाळेत घालवली, तर त्याला नानांकडं पाठवीन. पावसाळ्याआधी तिला साताऱ्याला मी स्वतः पोचवणार. यात आता बदल नाही.

आपल्या भांडणाचं म्हणाल तर ते तुम्ही सोडून दिलंत आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत. मी फुगेन म्हणून. इतकी वर्षं वाद घालून मी जिंकलो, तेही पितृपंधरवड्यात, माझ्या पाठीमागं. वहिनी, मी फुगलो असतो हे खरं आहे. गावभर सांगत फिरलो असतो. तुम्ही चुलीपाशी बसून "झालं का फुगून?" म्हणाला असता, आणि पुन्हा तिखट चटणी वाढली असती. आता फुगून दाखवायचं कुणाला?

कडीचा एकच रुपया आता घरात शिल्लक आहे, माझ्या खिशातला. त्याची कडी टाकात घालू दिली नाही मी, आणि तो सांगलीलाही जाणार नाही. साताऱ्याला ताराचा निरोप घेताना तो तिच्या हातावर ठेवीन आणि तुमच्याच शब्दांत सांगेन: ह्यो मोडता यायचा न्हाई, म्हंजे परत आणावाच लागंल.